आमची वाटचाल : मोटर वायंडिंगचं दुकान ते रिबन स्पीकर

आमचं दुकान अमळनेरला, मूळ धंदा मोटर वायंडिंगचा. आबांनी चालू केलं तेव्हापासून पाणबुडी मोटारी भरायच्या, मोनोब्लॉक पंप भरायचे, पिठाच्या गिरणीची मोटर आली तर तीपण. बाहेरची लोकं अमळनेर म्हटलं की विप्रोचं जन्मगाव म्हणतात, १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तो तोच, पण आमच्यासाठी गाव म्हणजे जळालेल्या तांब्याचा आणि वार्निशचा वास. रब्बीत व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि आमचं घर चालतं, बोलायला बरं वाटत नाय पण खरं तेच आहे.

डीजेवाल्यांच्या स्पीकरच्या कॉइल मी शाळेत असल्यापासून भरायचो त्यामुळे स्पीकर म्हणजे कॉइल, कागदाचा कोन आणि मागे चुंबक एवढंच डोक्यात. मग धुळ्याचे एक रिटायर सर एकदा बाहेरदेशचा छोटा ट्वीटर, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचा स्पीकर, घेऊन आले, म्हणे आवाज गेला. उघडला तर आत कॉइलच नाय! दोन चुंबकांच्या मधे चुरगळल्यासारखी एक चंदेरी पट्टी, ती मधोमध फाटलेली, आणि खाली एक बारका ट्रान्सफॉर्मर. कॉइल नसलेला स्पीकर बघून मी अर्धा तास नुसता बघतच बसलो. शेवटी घरातून पोळ्या गुंडाळायची फॉइल आणली, ब्लेडने पट्टी कापली, कंगव्यावर दाबून सुरकुत्या पाडल्या आणि बसवली. वाजला की राव. सरांनी पैसे दिले, चहा पाजला आणि माझं डोकं कायमचं बिघडवून गेले.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की याला रिबन स्पीकर म्हणतात आणि ही आयडिया १९२० च्या दशकातली आहे, जर्मनीतली. पट्टीच पडदा आणि पट्टीच तार, करंट सोडला की चुंबकाच्या मधे तीच पुढेमागे हलते. प्लॅनर त्याचा भाऊ, पातळ प्लास्टिक फिल्मवर अल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि मागे चुंबकांच्या रांगा. अमेरिकेत जिम विनी नावाच्या इंजिनियरने १९६९ ला मॅग्नेपॅन कंपनी प्लॅनरवरच काढली. म्हणजे नवीन काहीच नाय, फक्त आपल्याकडे कोणी करत नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमधे दुकान अर्धाच वेळ उघडं असायचं, तेव्हा पहिली मोठी रिबन केली. पट्टी २० मिलीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर लांब, जाडी १० मायक्रॉनच्या आसपास. वजन काढलं तर एका ग्रामचा तिसरा भाग. एवढी हलकी म्हणून तर तबल्याची चाट आणि टाळ असा वाजतो की आबा आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. पण तिचा रेझिस्टन्स निघतो ०.०८ ओहम. अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, ही सरळ जोडली तर अँपला वाटणार तारा शॉर्ट झाल्या, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर पाहिजेच, अँपला दिसायला पाहिजेत ८ ओहम आणि पट्टी ०.०८ ची, म्हणजे शंभर पट, फेऱ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ म्हणजे १० ला १.

आता ट्रान्सफॉर्मर तर आमच्या हातातलं काम, मी छाती फुगवून ४०० ला ४० फेरे घातले, मोटारीसारखे गच्च. लावला तर वरचा आवाज सगळा गायब, गोधडीखाली रेडिओ लावल्यासारखा. आठवडाभर मी फॉइलला दोष देत होतो. आबांनी कधी स्पीकर केला नाय पण त्यांनी गाठोडं हातात घेऊन एवढंच विचारलं की एवढी तार कशाला घातली रे? तेच कारण होतं. जास्त फेरे म्हणजे तारेत तारेत कपॅसिटन्स (शेजारच्या तारांमधे चार्ज साठणं) आणि लीकेज (चुंबकाचा जोर कोरबाहेर निसटणं), वरची फ्रिक्वेन्सी तिथेच मरते. मग जळालेल्या सर्वो स्टॅबिलायझरमधला गोल कोर घेतला, ते भंगारात आमच्याकडे पडलेले असतातच, त्याच्यावर ६० ला ६ फेरे. पण सहा फेरे एका जागी नाय, सहा सहाचे बरेच सेट गोलभर पसरवून पॅरलल जोडले. त्या दिवसापासून आमचा धंदा खरा चालू झाला असं मी मानतो.

आणि लोकं इथेच मार खातात. २० वॅटला त्या पट्टीतून पंधरा-सोळा अँपिअर जातात! दीड स्क्वेअर एमएमची एक मीटर वायर जाऊन येऊन ०.०२३ ओहम होते, म्हणजे पट्टीच्या पाव भागापेक्षा जास्त, तेवढी ताकद वायर गरम करण्यात गेली. मग म्हणतात रिबनला आवाज नाय. म्हणून आमचा ट्रान्सफॉर्मर रिबनच्या पाठीलाच बसतो आणि जोड तांब्याच्या पट्टीत आवळून, कारण अल्युमिनियमला साधा सोल्डर धरत नाय. एफिशियन्सीची अर्धी लढाई ही अशी बिनपैशाची आहे. बाकी अर्धी चुंबकाची. पहिला प्लॅनर मी फ्रीजच्या दाराच्या रबरी चुंबकाचा केला होता, कान लावून ऐकायला लागायचा. निओडिमियम घेतले, चुंबकाची ताकद डबल झाली की आवाज ६ डीबी (डेसिबल) वाढतो, म्हणजे जिथे ४० वॅट लागायचे तिथे १० मधे भागतं. फक्त दोन चुंबक एकमेकाला भेटायच्या आधी बोट काढून घ्यावं, माझ्या अंगठ्याचं नख दोनदा गेलंय.

प्लॅनरचं गणित त्यामानाने सरळ. ५ मिलीमीटरच्या १० पट्ट्या, प्रत्येक १.१ मीटर, जाडी १५ मायक्रॉन, एकामागे एक सिरीजमधे जोडल्या की बरोबर ४ ओहम, तेवढे अँपला चालतात, ट्रान्सफॉर्मर लागतच नाय. त्रास आहे तो फिल्म ओढायचा. चारी बाजूंनी सारखा ताण पाहिजे. ते काम आईच बघते, खापरावरचे मांडे करणारा हात आहे, कुठे ढिलं कुठे ताठ हे तिला बोट फिरवून कळतं, मला मीटर लावून कळत नाय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, हाई काय शे रे भाऊ, आवाज कथाईन येस?

चुका पण लिहितो. पोषात केलेली एक जोडी मे महिन्यात परत आली, गाणं चालू झालं की फडफड. पत्र्याखालची खोली, बाहेर ४४, फिल्म गरमीने ढिली पडून चुंबकाला टेकत होती. तेव्हापासून फिल्म आम्ही उन्हाळ्यात ओढतो, थंडीत थोडी ताठ होते ते चालतं. दुसरी चूक म्हणजे दुकानातच लेथ आहे. लोखंडाचा चुरा उडतो आणि निओडिमियमच्या फटीत जाऊन बसतो, मग पट्टी त्याला घासून चरचर. चिकटपट्टीने काढावा लागतो एकेक कण. एकदा बायकोने कणकेचा गोळा दिला, चुरा झकास निघाला, पण दोन दिवसांनी फटीत मुंग्यांची लाइन! आता स्पीकरचं काम मागच्या खोलीत, तिथे लोखंड न्यायलाच बंदी आहे.

पॉवरचं म्हणाल तर लाइटचा भरोसा नाय म्हणून मी बॅटरीवर गेलो. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीज, २४ व्होल्टचा छोटा क्लास डी बोर्ड, म्हणजे कमी करंट खाणारा अँप, एफिशियंट स्पीकरला तेवढा घरभर पुरतो. एका रात्री चार्जर लावूनच गाणी चालू ठेवली, चार्ज होताना बॅटऱ्या २८ च्या वर जातात आणि त्या बोर्डचं लिमिट २६, मधेच फट्ट. चूक पूर्ण माझी. आता चार्जरला रिले आहे, चार्जिंग चालू तर अँप बंद.

गिऱ्हाईकांना समजवायला जास्त वेळ जातो. हा स्पीकर मागूनपण तेवढाच वाजतो, उलट्या फेजमधे (पट्टी पुढे ढकलते तेव्हा मागे ओढते), म्हणून भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ठेवायचा. चोपड्याच्या एकाने कपाटाला टेकवून ठेवला आणि सांगितलं आवाज दबतो. खालच्या आवाजाला वेगळा वूफर (खालच्या आवाजाचा स्पीकर) लागतोच, ३०० हर्ट्झच्या खाली आम्ही प्लॅनरला छळत नाय, मोकळा पडदा आहे, पुढचं मागचं एकमेकाला मारून टाकतं. डीजेसाठी मागणारे पण येतात, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

आज हिशोब असा की पूर्ण जोड्या वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच जातात, जास्त जातात ते ट्रान्सफॉर्मर. पुण्या-नाशिकची पोरं घरी रिबन करतात आणि अडकतात तिथेच. मोटारी पण चालूच आहेत, त्या सोडणार नाय. स्पीकर कुरियरने पाठवला तरी रिबन आम्ही वेगळी पाठवतो, प्लास्टिकच्या नळीत, सोबत दोन जादा पट्ट्या. पहिल्या वर्षी एकाची रिबन तीनदा फाटली, मी आमचंच काम कच्चं समजून तीनदा फुकट बदलली, मग जळगावला स्वतः जाऊन बघितलं तर समोर हा मोठा कूलर, सरळ रिबनवर फुल स्पीडमधे सोडलेला. तेव्हा उन्हाळ्यात रिबन फाटली म्हणून फोन केलात तर मी आधी कूलर कुठल्या बाजूला आहे तेच विचारणार, राग मानू नका.