झाकण नको

एम.एस. करताना मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये कॉफी-हॉटडॉगच्या काउंटरवर काम करायचे. घरी कोल्हापूरला "फुटबॉल स्टेडियमवर नोकरी" एवढंच सांगितलं, तर भावाच्या डोळ्यांपुढे तिथलं शाहू स्टेडियम आणि पाटाकडील-खंडोबा या तालीम संघांची मॅच. इथला फुटबॉल जास्त करून हातानंच खेळतात हे त्याला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

मी लागले ऑगस्ट 2024 मध्ये. इंडियाना विद्यापीठाचा संघ आदल्या मोसमात 12 पैकी 3 सामने जिंकलेला. वरच्या गटातल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पराभव तेव्हा याच संघाच्या नावावर होते, 700 च्या वर. मोसमाआधी पत्रकारांनी बिग टेन या आमच्या साखळीतल्या 18 संघांचा क्रम लावला, त्यात हे सतराव्या जागी. खाली फक्त पर्ड्यू, म्हणजे राज्यातलाच वैरी, तेवढंच समाधान. नवे कोच कर्ट सिग्नेटी नेमणूक झाल्या झाल्या म्हणाले होते, "मी जिंकतो. गूगल करा." आमच्याकडे त्याची चेष्टाच व्हायची. कॉफीचं मशीन अडकलं की कुणीतरी ओरडायचं, "गूगल कर!"

पण लोकांना या संघाकडून काय अपेक्षा आहे, हे मला खरं कळलं ते पावाच्या खोक्यांवरून. आमच्या काउंटरचा हिशोब ठरलेला होता: विक्री हाफटाइमपर्यंत, नंतर फडकं. हाफटाइम झाला की माणसं पार्किंगमध्ये आपापल्या गाडीमागे मांडलेल्या खाण्यापिण्याकडे जायची आणि तिथंच रमायची. एक आजोबा दर सामन्याला हाफटाइमला कॉफी घ्यायचे. लाल टोपी, हात थरथरता, आणि ठरलेलं वाक्य, "झाकण घट्ट लाव गं, गाडीत न्यायचीय." यंदा किती जिंकतील असं पहिल्याच सामन्याला विचारलं, तर तीन बोटं दाखवली. मग थोडा विचार करून चौथं अर्धं वर केलं.

19 ऑक्टोबरला नेब्रास्काशी सामना होता. तोवर संघ सहाच्या सहा जिंकलेला, स्टेडियम गच्च. माल वाढवून मागवायला हवा होता आणि त्या दिवशीची मागणी मीच भरली होती. मी पहिल्या हाफचा वाढवला. दुसऱ्याचा नाही. शहाणपण माझंच, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

हाफटाइमला आमचे 28, त्यांचे 7. आता निकाल लागल्यातच जमा, म्हणजे लोक आणखी लवकर जाणार, असं मी धरलं. एक रोलर ग्रिल बंद केली, दोन पोरांना लवकर सोडलं. आजोबा नेहमीसारखे आले, झाकण लावून कॉफी घेतली आणि गेले. त्यांच्यामागची रांग मात्र संपेना. गेटकडे जाणारं कुणी दिसत नव्हतं. जो तो खायला घेऊन परत वर, आपल्या जागेवर. तिसऱ्या क्वार्टरला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, कर्टिस रोर्क मैदानात उतरलाच नाही, अंगठा दुखावला होता. रांगेत एकदम शांतता. मग बदली टेव्हन जॅक्सननं टचडाउनचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा, पास टाकला आणि डोक्यावरचं काँक्रीट थरथरलं. आम्हाला आत मैदान दिसत नाही, स्कोअर पायांच्या आवाजावरूनच कळतो.

पाव संपले. फ्रीझरमध्ये दोन खोकी होती, ती दगडासारखी. मी पाकिटं बंद ग्रिलच्या अजून कोमट झाकणावर पसरली. वरून ऊब, आतून बर्फ. शेवटी नाचोजच्या ट्रेमध्ये नुसते सॉसेज आणि वर चीज, असं विकायला लागले. एरवी एखाद्यानं मॅनेजरला बोलवायला लावलं असतं. त्या दिवशी एकानं ट्रे बघितला, खो खो हसला आणि म्हणाला, "यंदा सगळंच नवीन!"

सामना 56-7 असा संपला. पुढे मोसमात 11 विजय, थेट प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, तिथे नोत्र दाम विद्यापीठाकडून हार, हे सगळं झालं. माझ्या लक्षात राहिलाय तो त्या दिवशीचा चौथा क्वार्टर. ट्रेसुद्धा संपत आले होते आणि समोर पुन्हा लाल टोपी. मला वाटलं, काही विसरले असतील. म्हणाले, "आणखी एक कॉफी." मी सवयीनं कप भरला, झाकण दाबलं. त्यांनी ते नखानं उचकटून काढलं आणि काउंटरवर माझ्याकडे सरकवलं.

"नको. वरच बसून पिणार आहे."