लेण्यातलं सरळव्याज

गणिताच्या बाईंना सहलीला नेतात ते डोकी मोजायला. इतिहासाचे सर पुढे माहिती देत चालणार आणि मी शेपटाला, हातात यादी, गळ्यात शिट्टी, पर्समध्ये लिंबं आणि उलटीच्या पिशव्या. यंदा सातवीची सहल नाशकातच होती, पांडवलेणी, काळाराम मंदिर, सीतागुंफा, सरकारवाडा, आणि वेळ उरला तर अजून कायकाय (वेळ कधीच उरत नाही, पण पत्रकात लिहायचं असतं). पोरांची तोंडं आधीच वाकडी, कारण पांडवलेणी सगळ्यांनी मुंबई-आग्रा हायवेवरून लांबून पाहिलेली, त्यामुळे "मॅडम त्यात काय बघायचं", आणि अर्ध्यांचं लक्ष खालच्या फाळके स्मारकाकडे.

पायऱ्या चढताना जो दम लागतो त्याबद्दल मी काही बोलत नाही. वर गेल्यागेल्या पहिला प्रश्न, पांडव कुठे झोपायचे? सरांनी सांगितलं की पांडवांचा इथे संबंध नाही, ही बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली लेणी आहेत, एकूण 24, जुनी जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची, पावसाळ्यात भिक्खू फिरायचे थांबायचे तेव्हा इथे राहायचे. मग तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, त्यात तिने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं केलेलं कौतुक, 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन' (ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले असा) वगैरे. हे सहावीत पाठ केलेलं असल्यामुळे दोनचार जणांनी एका सुरात म्हणून दाखवलं आणि परत जांभया सुरू.

खरी मजा आली दहाव्या लेण्यात. तिथे नहपान या क्षत्रप (शक) राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, वाचता कुणालाच येत नाही, सरांनी घरून अर्थ लिहून आणलेला कागद वाचायला घेतला. उषवदाताने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना, आणि गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं गोवर्धन असं मानतात. एका श्रेणीकडे 2000, महिना शेकडा एक दराने, दुसरीकडे 1000, महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. सर हे वाचून पुढे निघाले आणि मी मागून ओरडले की सर थांबा थांबा, कारण सातवीला आमचं सरळव्याज नुकतंच झालंय आणि हे तर आयतं उदाहरण!

मग तिथेच व्हरांड्यात बसवलं सगळ्यांना. महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला किती? बारा टक्के. 2000 चे वर्षाचे 240. आता लेख पुढे काय म्हणतो, तर या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे कपड्यांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. वीस गुणिले बारा... मागच्या रांगेतून एकदम "दोनशेचाळीssस!" असा ओरडा आला की बाहेरचे पर्यटक डोकावून गेले. पैन पै जुळतं हो. दुसऱ्या हजारावर वर्षाला नऊ टक्क्यांनी 90, ते किरकोळ खर्चाला. मीसुद्धा हे आधी कधी करून बघितलं नव्हतं, सरांनीपण नाही, ते कागद उलटासुलटा करून बघत होते.

नंतर प्रश्न थांबेनात. विणकरांना पैसे का दिले, बँक नव्हती का, ते पळून गेले असते तर? एकीचे मामा येवल्याला पैठणी विणतात, ती म्हणाली रेशीम आणायला आधी पैसे लागतातच की, मग घेतले असतील त्यांनी. याहून सोपं मला सांगता आलं नसतं. सरांनीही मग फॉर्मात येऊन जोगळटेंभीचं सांगितलं, सिन्नर तालुक्यात 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्राने आपला छाप परत मारलेला. म्हणजे लढाई कोण जिंकलं ते नाण्यावरच दिसतं. "मॅडम मग उषवदाताची एफडी बुडाली का?" हा प्रश्न मी सरांकडे ढकलला.

या सगळ्यात तासभर जास्त गेला, सीतागुंफा आणि सरकारवाडा कापावा लागला. काळारामला पोचलो तेव्हा पोरं भुकेने करवादलेली, तरी 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सुरू केलेल्या सत्याग्रहाचं दरवाज्यापाशी उभं राहून सांगितलं, "पण आत सोडायचे का नाहीत?" यावर जी चर्चा झाली ती डबे उघडल्यावरही चालू राहिली.

माझं तर म्हणणं असं की एका दिवसात एकच जागा धरावी, फार तर दोन. पाच ठिकाणी उतरवून फोटो काढला की पालक खूश होतात पण पोरांच्या डोक्यात फक्त बसमधल्या अंताक्षरीच राहतात. यावर ग्रुपवर एका आईचा मेसेज आलाय, "सहलीला पाठवलं होतं की ट्यूशनला?" पुढच्या वर्षी सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर मागितलंय, फक्त तेवढंच, दिवसभर. सर तयार आहेत, ऑफिस म्हणतंय पत्रकात एकच नाव बरं दिसत नाही.