सात नंबरचं मशीन

गुरुवार, 17 जुलै 2025

रात्रीचे साडेनऊ. वीज संध्याकाळीच गेली आहे. मोबाईलच्या उजेडात लिहिते आहे, बॅटरी एकोणीस टक्के.

सकाळची जांबोटीची बस मिळाली. कंडक्टरनं आधार कार्ड न मागताच शून्य रुपयांचं तिकीट दिलं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, तेव्हा सुरुवातीला कार्ड काढा, पत्ता दाखवा असं बरंच चालायचं. आता चेहरे पाठ झालेत. शेजारी बसलेली मावशी लेकीकडं चंदगडला निघाली होती. म्हणाली, "तिकडं लेकीला पंधराशे, इकडं मला दोन हजार. मधे नुसती शीव हाय बघ." महाराष्ट्राची लाडकी बहीण आणि कर्नाटकाची गृहलक्ष्मी या दोन्ही योजनांवर इतकं थोडक्यात बोललेलं मी अजून कुणाकडून ऐकलं नव्हतं.

काम साधं होतं. दीड वर्षापूर्वी आमच्या मिशननं या गावात 11 शिलाई मशिनं दिली. देणगी परदेशातल्या एका चर्चची. त्यांचा फॉर्म आलाय: मशीन नंबर, चालू की बंद, महिन्याची कमाई, बाईचा मशीनसोबत फोटो. शेवटचा रकाना, 'स्वावलंबी झाली का? हो / नाही'. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच जा, तुम्हीच शिकवलंय. खरंच आहे, सहा महिने दर मंगळवार-शुक्रवार मीच शिकवलं. झबलं, परकर, कटोरी ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज. शिवणच का, तर मला शिवणच येतं म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच घरात मशीन कोपऱ्यात, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर गोधड्यांची चळत. मला बघून वैनीनं घाईघाईनं गोधड्या उतरवल्या, सुईत दोरा ओवला, चिंधी दाब्याखाली सरकवली आणि पाय मारायला लागली. मशीन छान चालत होतं. चिंधीवर टाका मात्र एकही उमटेना. मी झाकण सरकवून बघितलं तर आत बॉबिनच नव्हती. ती कधीच पोरांनी खेळायला नेली होती. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो, मग ती गप्प झाली आणि चहा ठेवायला उठली. फोटो काढला. फोटोत मशीन चालू दिसतंय.

दुपारपर्यंत दहा घरं झाली. खऱ्या अर्थानं चालू मशिनं तीन. त्यातलं एक फॉल-पिकोवर, तेही तिचं माहेर खानापुरात आहे आणि भाऊ साड्या आणून देतो म्हणून. बाकीच्यांत आळस नाही. गावात घरं एकशे चाळीसच्या आसपास. बाई वर्षात दोन ब्लाऊज शिवून घेते, एक यात्रेला, एक गणपतीला. लग्नसराईतले चांगले ब्लाऊज खानापूर नाहीतर बेळगावात जातात. त्यावर 11 शिंपिणी कशा जगणार? हा हिशेब चौथीतलं पोर करील. आम्ही केला नव्हता. मशीन दिसतं, मोजता येतं, त्याला हार घालता येतो.

सात नंबरच्या घराला कडी. शेजारची म्हणाली, लावणीला गेल्या. शेतात गेले. प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या सहा-सात बायका चिखलात वाकलेल्या. त्यातली कोण आपली हे पाठीवरून ओळखता येईना. हाक मारली तर तीच उभी राहिली, हातात रोपांची मूठ.

"अक्का, मशीन कुठाय?"

"इकलं."

"कधी?"

"संक्रांतीच्या आदी. साडेचार हजाराला. तुमास्नी सांगायला तोंड नव्हतं."

बांधावर येऊन बसली तेव्हा सगळं कळलं. तीन फायनान्सचे, म्हणजे गटावर छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे, हप्ते होते. एक नवऱ्याच्या ऑपरेशनचं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला, तिसरं दुसऱ्याचे. दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा चुकला तर गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. त्यामुळं वसुलीवाल्याच्या आधी शेजारणीच दारात. घराच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. पण घरची मिळकत किती, हे तिच्या फॉर्मवर एजंटानंच लिहिलं होतं. यंदा फेब्रुवारीत राज्य सरकारनं वसुलीच्या जुलमाविरुद्ध अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. हिनं मशीन त्याच्या आधीच विकलं होतं. एक फायनान्स संपवलं. दुसऱ्याचे चार हप्ते राहिलेत.

मला राग आला होता, हे लिहून ठेवते. मिशनची वस्तू विकली याचा. तो राग बांधावरून उठेपर्यंत टिकला नाही. आजारी नवरा घरात असताना मशीन हीच एक विकण्याजोगी वस्तू तिच्या स्वतःच्या नावावर होती.

"सांजच्याला ऱ्हावा की. बैठक हाय संघाची."

राहिले. सभा देवळाच्या ओसरीवर. चौदा बायका, पत्र्याचा डबा, त्याला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडं. महिन्याला शंभर रुपये बचत. आतल्या आत कर्ज, शेकडा दोन व्याज, पण ते व्याज परत डब्यातच पडतं. हे काही नवीन नाही. आपल्याच कर्नाटकात मैराडा या संस्थेनं 1980 च्या दशकात असे बचत गट उभे केले, 1992 मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेनं ते बँकांशी जोडले, पुढं अशा गटांसाठी राज्याची स्त्री शक्ती योजना आली. या गावातही पूर्वी एक संघ होता. तो बुडाला, कारण वही एका दादांकडं असायची. आता वही अक्काकडं आहे. ती पाचवी शिकली आहे. आकडे मोठे, एकाखाली एक, खाडाखोड केली की शेजारी सही.

आज ठराव होता. बँकेकडं लाखाचं कर्ज मागायचं, आणि शाखेत ठराव कन्नडमध्येच पाहिजे म्हणून सांगितलेलं. या चौदांत कन्नड लिहिणारी एकही नाही. एकीची नववीतली पोरगी मराठी शाळेत कन्नड विषय शिकते, तिला बसवलं होतं. पोरगी मान वाकडी करून, ओठ चावत लिहीत होती. ओसरीवरच्या बल्बभोवती पावसाळी किडे, ते कागदावर पडले की फुंकर मारायची. अर्धं पान झालं तशी अक्का म्हणाली,

"काय लिवूलीस? आदी मराठीत सांग. मग आमी सही करताव."

पोरगी वाचून अर्थ सांगायला लागली. तारीख, नावं, हजेरी बरोबर. मग म्हणाली, "सदर कर्ज शिलाई मशिनांसाठी..."

"थांब थांब. कसलं मशीन?"

बँकेतून आणलेल्या जुन्या नमुन्यावरून तिनं तो शब्द उतरवला होता. सगळ्याजणी हसल्या. मी सोडून.

त्यांना मिरचीचा डंख, म्हणजे तिखट कुटायचं यंत्र, पाहिजे. उन्हाळ्यात बेडगी मिरची वाळवायची आणि कुटायला बसनं खानापूरला न्यायची, तिथं नंबर लावायचा, दिवस मोडायचा. आजूबाजूच्या दोन वाड्यांचं गिऱ्हाईक धरलं तर सीझनला डंख रिकामा राहणार नाही, असं अक्कानं बोटांवर मोजून दाखवलं. "बिलाऊज वर्साला दोन लागत्यात, तिखाट रोज लागतंय." वीजजोडणीचं काय, हे मी विचारलं. तेही विचारून आल्या होत्या. थ्री फेजचा अर्ज गेलाय. ओला पावसाळा आणि मिरची यांचं काही मला पटलं नाही, पण मी शिवणाची बाई, गप्प बसले.

शब्द खोडला, वर 'डंख' लिहिलं. पोरीला डंखाला कन्नड शब्द आठवेना, म्हणून 'मिरची कुटायचं यंत्र' असं काहीतरी लिहून घेतलं. चौदा सह्या मराठीत, त्यातले तीन अंगठे. अंगठेवालीपैकी एक म्हणाली, पुढच्या ठरावाला सही करणार.

परतीच्या बसमध्ये पंडिता रमाबाई डोक्यात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिवण होतंच, पण तिथल्या बायका छापखानाही चालवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनीच छापलं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीची माणसं आली ती 1820 मध्ये. दोनशे वर्षं उलटली, आणि आम्ही अजून परकराच्या निऱ्या शिकवतोय. बेळगावजवळच्या हुदलीला खादी केंद्र बघायला गेले होते तेव्हाही हेच सुचायला हवं होतं. तिथं सुताच्या जोडीला लोणचं आहे. तेव्हा मी लोणच्याची बरणी घेऊन घरी आले, एवढंच.

फॉर्म पुढ्यात आहे. सात नंबरपुढं 'विकलं' लिहिलं. कमाईच्या रकान्यात रेघ. फोटो नाही. शेवटच्या रकान्यापाशी पेन दोनदा टेकवून उचललं. पहिल्या घरापुढं मी दुपारी 'हो' लिहिलं होतं, बॉबिन नसलेल्या. तेही खोडायचं म्हणजे सगळंच परत बघावं लागेल. सिस्टरना सकाळी अकराच्या आत पाठवायचंय.

निघताना अक्कानं कागदात गुंडाळून दोनशे रुपये दिले. मी राहू द्या म्हटलं, तर म्हणाली, संघाचं हायत, पावती आणा. विसरायला नको म्हणून इथंच लिहिते:

रजिस्टर, दोनशे पानी, पक्क्या बांधणीचं. कार्बन पेपर. शिक्का करायला टाकायचा, संघाचं नाव वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, दोन्ही अक्षरं एकाच मापाची. शाई निळी. पावती.