वेस्टाचं सगळ्यात मोठं पोरगं

सांगलीतल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलीने प्रोजेक्टला लघुग्रहांची कुटुंबं घेतली. मोठ्या लघुग्रहावर काहीतरी आदळतं, तुकडे उडतात आणि कोट्यवधी वर्षं मिळत्याजुळत्या कक्षांत फिरत राहतात. जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामांनी १९१८ साली असे तीन घोळके ओळखले: कोरोनिस, इऑस आणि थेमिस. आम्ही वेस्टा या मोठ्या लघुग्रहाचं कुटुंब धरलं.

एका शनिवारी ती लॅपटॉप उघडाच घेऊन स्टाफरूममध्ये शिरली. "सर, हा तर २४ किलोमीटरचा निघाला! वेस्टाचं सगळ्यात मोठं पोरगं!"

मागच्या आठवड्यात हाच दगड ८ किलोमीटरचा होता. निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावरून दगड किती तेजस्वी दिसेल याचा आकडा, तेव्हाही १२, आताही १२.

घोळ माझा होता. दुर्बिणीला व्यास दिसत नाही, परतलेला उजेड दिसतो. उजळ लहान दगड आणि काळा मोठा दगड सारखेच चमकू शकतात. वेस्टा ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवते (आपल्या दंडोबाच्या डोंगराचा बेसाल्ट काळाकुट्ट आणि तिकडचा इतका उजळ, हे मला अजून पचत नाही), म्हणून "सरसकट ०.४ लाव" असं सांगून मी मोकळा झालो होतो. आलेखही असा झकास आला की शंका कोण घेणार! आता तिने 'वाइज' दुर्बिणीच्या अवरक्त निरीक्षणांतून निघालेले, कुठला दगड किती प्रकाश परतवतो याचे आकडे, जेवढे मिळाले तेवढे, भरले होते. या दगडाचा आकडा ०.०५. उजळपणा आठपट कमी, म्हणजे व्यास जवळपास तिप्पट.

"पण मग इतका काळा दगड उजळ वेस्टाचा कसा?" मी विचारलं.

ती गप्प झाली. तिच्या घरी तासगावला बेदाण्याचा धंदा. जरा वेळाने म्हणाली, "सर, हिरव्या मालात काळा मणी दिसला की पप्पा आधी विचारतात, हा कुठल्या शेडवरचा मिसळला?"

नेमकं तेच झालं होतं. आमचा प्रोग्राम कक्षेचे तीन आकडे जुळले की दगड घरात घेत होता, रंग बघतच नव्हता. या घुसखोरीत आम्ही पहिले नव्हे. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या, खुद्द सेरेसला एकेकाळी एका कुटुंबाचा प्रमुख मानलं होतं, पुढे तोच उपरा ठरला आणि कुटुंब गेफिऑन या दुसऱ्या लघुग्रहाच्या नावावर गेलं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन काळे सापडले. बारक्या दगडांची मोजमापंच नव्हती, तिथे ०.४ ठेवून शेजारी किती चूक असू शकते तेही लिहिलं. त्या तिघांसाठी तिने एक्सेलमध्ये वेगळी शीट उघडली. नाव दिलं, 'पाहुणे'.