इथला पाडवा नेमका कुणाचा?

शांघायमधल्या देशोदेशीच्या माणसांनी भरलेल्या ऑफिसांत जानेवारी उजाडला की एक साधा शुभेच्छांचा मेल तीन-तीनदा खोडला जातो. 'चायनीज न्यू इयर' लिहिलं की कोरियन आणि व्हिएतनामी मंडळी गप्प, कारण तोच चांद्र नववर्षाचा सण त्यांचाही. 'लूनर न्यू इयर' लिहिलं की चिनी सहकाऱ्यांच्या कपाळाला आठी. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने 'कोरियन लूनर न्यू इयर' असे शब्द वापरले आणि चिनी नेटकऱ्यांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं.

हा नुसता रुसवाफुगवा नाही. पंचांग कुणाचं पाळायचं, हे या भागात मुळात राजकारणच होतं. चिनी सम्राट दरवर्षी पंचांग काढायचा आणि मांडलिक राज्यांनी ते स्वीकारायचं, हीच निष्ठेची खूण. कोरियाच्या राजा सेजोंगच्या ज्योतिष्यांनी १४४२ मध्ये सोलच्या अक्षांशावरून स्वतःचं गणित मांडलं, तरी वरकरणी मान चीनमधल्या मिंग घराण्याच्या दरबारी पंचांगालाच. १६४४ मध्ये मिंग बुडाले, उत्तरेकडून मांचू (छिंग घराणं) आले. १६३७ मध्येच मांचूंना शरण गेलेल्या कोरियाने त्यांचं पंचांग मुकाट घेतलं, पण खासगी कागदांवर शेवटच्या मिंग सम्राटाचाच शक पुढे कितीतरी पिढ्या चालू ठेवला.

गणित आपल्या ओळखीचंच आहे. चांद्र महिने, एकोणीस वर्षांत सात अधिक मास. आपल्याकडे ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक. इथेही तोच नियम, फक्त सूर्याची स्थिती सायन, म्हणजे नक्षत्रांऐवजी ऋतूंवरून, धरतात. अमावास्येचा क्षण ज्या तारखेला येतो तीच महिन्याची पहिली तारीख. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ज्या महिन्यात पडतो तो अकरावा महिना, आणि त्यावरून पुढचं सगळं. म्हणून २०२६ चं नवं वर्ष १७ फेब्रुवारीला, आपल्या माघी अमावास्येला, महाशिवरात्रीनंतर दोनच दिवसांनी.

घोळ होतो तो रेखांशाचा. चीन १२० अंश पूर्व धरतो. उत्तर व्हिएतनामने १९६७ मध्ये ठरवलं की आपण १०५ अंश धरायचे, म्हणजे तासाचा फरक. २००७ मध्ये अमावास्येचा क्षण बीजिंगच्या घड्याळात १८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर चौदा मिनिटांनी आला, तर हनोईत तेव्हा १७ तारखेचे रात्रीचे सव्वाअकरा वाजत होते. दोघांचे पाडवे वेगळे! १९८५ च्या वेळी तर अयनदिनच, म्हणजे डिसेंबरातला तो सर्वांत लहान दिवस, मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे गेला आणि व्हिएतनामचा नववर्षाचा सण 'तेत' २१ जानेवारीला, चीनचा सण २० फेब्रुवारीला. पूर्ण एक महिना! टिळक पंचांगात सण कधीकधी इतरांपेक्षा महिनाभर पुढेमागे होतात, ते पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे नव्याने समजावायला नको.

आपल्याकडे गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, पण त्यावरून कुणी कुणाच्या राजदूताला बोलावून घेत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण ती एकाच देशातली गोष्ट. शिवाय १९५७ पासून आपलं सरकारी शक कॅलेंडर भिंतीवर आहे आणि त्यावरून कुणी वाढदिवससुद्धा काढत नाही, त्यामुळे फार टेंभा मिरवण्यात अर्थ नाही. खरं तर चीनमधलं 'छुनच्ये', म्हणजे वसंतोत्सव, हे आजचं सरकारी नावही जुनं नाही. १ जानेवारी हे अधिकृत नववर्ष झाल्यावर १९१४ मध्ये ते या सणाला चिकटवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२३ च्या ठरावात 'लूनर न्यू इयर' लिहिलं, आणि वर्षभरात चीनने युनेस्कोच्या यादीत 'स्प्रिंग फेस्टिवल' चिनी लोकांची प्रथा म्हणून नोंदवून घेतला. नावाची लढाई दोन्ही दारांतून चालू आहे.

मेल लिहायचाच असेल तर एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नका. चिनी माणसाला 'छुनच्ये ख्वायल', कोरियन माणसाला 'सेहे बोक मानी बादुसेयो', व्हिएतनामी माणसाला 'चुक मुंग नाम मोई'. स्टिकरवरचा त्या वर्षाचा राशिप्राणीही तपासा: चीनमध्ये ससा असतो तिथे व्हिएतनाममध्ये मांजर, आणि बैलाच्या जागी म्हैस. चिनी मुलांच्या लाल पाकिटात कोऱ्या नोटा, रक्कम सम, चारचा आकडा नको. कोरियन माणसाचं नाव मात्र लाल शाईने लिहू नका, तिकडे ते अशुभ.

पुढचा घोळ २०३० मध्ये. हनोईचा तेत २ फेब्रुवारीला, बीजिंगचं नवं वर्ष ३ ला. दोन्हीकडच्या कारखान्यांत माल अडकलेला असेल तर सुट्ट्यांचा तक्ता दोन वेगळ्या रकान्यांत मांडा.