मैना माझ्याशिवाय गेली

आज मैना घोडी त्या कोपऱ्यातून गेली. न बुजता, मान सैल सोडून, मस्त दुडक्या चालीने. पाठीवर मी नव्हते.

खरं तर पेढे वाटायला हवेत. मी घरी येऊन भांडी आदळली. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाठ दुखतेय. पाठ दुखतच होती, तेवढा भाग खोटा नाही.

रिंगणाचा समुद्राकडचा कोपरा. सुरूच्या झाडांमधून वारा थेट तिथे घुसतो आणि अगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, पेंढ्यावर टाकलेली निळी ताडपत्री एका बाजूने सुटलेली असते. (बांधली तरी सुटते. अलिबागच्या वाऱ्यापुढे सुतळी कुठे टिकायची.) ती फडफडली की आधी मैनाचे कान ताठ, मग पाठ फळीसारखी कडक, आणि तिसऱ्या क्षणाला ती आत उडी मारते. बसणारा तिच्याबरोबर आत गेला तर ठीक, नाहीतर वाळू. घोड्यांना लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणजे ताडपत्री आणायची तर नेमकी त्याच रंगाची! वर डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा पट्टा सोडला, तर मान न वळवता 350 अंशांपर्यंत दिसतं म्हणे. मला फक्त समोरचं दिसतं, तरी रात्री झोप लागत नाही. तिला काय बोलणार.

तिकडे किनाऱ्यावरचे टांग्याचे घोडे बघा. ओहोटीला पाण्यातून कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात, आजूबाजूला पतंग, आरडाओरडा, सेल्फीवाले, तरी ढिम्म. डोळ्यांना झापडं असतात हा भाग वेगळा. मलाही कोणीतरी लावा.

मैनाला झापडं लावायची नाहीत असं आप्पांनी पहिल्यापासून बजावलं होतं. "बाय, ओढून नेलंस ना, तर दोन गोष्टींना घाबरेल. ताडपत्रीला आणि तुला." मग मी तसंच, न ओढता, करत बसले. खाली उतरून दोरीने न्यायचं. कान जिथे अडकतील तिथे थांबायचं. तिने मान खाली घातली, नाकातून फुर्र केलं, तोंड चघळल्यासारखं हलवलं, की लगेच मागे फिरायचं, तिच्या मनात पळायचं येण्याआधी. दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे. तोबरा तिथेच बांधायचा, खराराही तिथेच. पाठीवर बसल्यावर ताडपत्रीकडे बघायचं नाही, पुढच्या खांबाकडे बघायचं, तिचं तोंड किंचित आत वळवून ठेवायचं, लगाम आवळायचा नाही. आणि श्वास सोडायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आणि आज आप्पांची नात. शाळेला सुट्टी, म्हणून बसली. त्यांच्या मांजरीने कपाटात पिल्लं घातलीत, ते मैनाला सांगत होती. कितवं पिल्लू कुठल्या रंगाचं, कुठलं आगाऊ. कोपरा आला, ताडपत्री उठली. मैनाचा एक कान तिकडे गेला. दुसरा मागेच राहिला, पोरीकडे. पिल्लांची गोष्ट ऐकत. आणि गेली.

तो मागे राहिलेला कान माझ्या डोक्यातून जात नाही.

मत्सर नाही हा. एवढ्याशा पोरीचा कसला मत्सर. बरं, आहे. मत्सरच आहे. इतकी उन्हं अंगावर घेतली ती मी, वाळू खाल्ली ती मी, आणि... जाऊ दे. गेल्या वर्षीचं सगळं झाल्यावर एवढी एकच गोष्ट मी नीट करत होते.

स्वीडनमधला एक प्रयोग वाचला होता, 2009 मध्ये छापून आलेला. माणसांनी घोड्याला धरून किंवा त्यावर बसून ठरलेलं अंतर 4 वेळा कापायचं. चौथ्या वेळी आधीच सांगितलं, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीतले ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना तर कुणी काही सांगितलंही नव्हतं.

पोरीच्या डोक्यात छत्री नव्हती. पिल्लं होती.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं की वाईट, ते अजून ठरत नाहीये. आप्पा म्हणाले, "तू केलंस म्हणून तर गेली ती." पण आप्पा सगळ्यांनाच असं म्हणतात. परवा त्या गवतवाल्यालाही म्हणाले.

नंतर मैनाने पोरीच्या हातातलं गाजर संपवलं, सरळ माझ्याकडे आली आणि कुर्त्याचा खिसा हुंगायला लागली. खिशात गूळ होता. कोणी काय केलं याचा हिशोब तिच्याकडे नाही, वसुली मात्र दोघींकडून. तिथे मला हसू आलं. भांडी त्यानंतर आदळली, पण हसू आधी आलं होतं हे इथे लिहून ठेवते.

उद्या आधी नात बसणार, मग मी. आप्पांनी ठरवलंय. म्हणजे जरा मोकळं व्हायला होईल, म्हणाले. कोणाला, ते मी विचारलं नाही.