नखाखालचा किरमिजी

जुनी हस्तलिखितं आणि कागद यांचं जतन करणं हे माझं काम. मेक्सिको सिटीला दोन आठवड्यांच्या कार्यशाळेला गेले होते. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांपैकी नाहुआ लोकांचे जुने चित्रकार जे रंग वापरत, ते त्यांच्याच पद्धतीने करून बघायचे होते. आधार होता १५७७ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या १२ भागांच्या ग्रंथाचा. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने तो नाहुआ लेखक-चित्रकारांना सोबत घेऊन सिद्ध केला. आज तो फ्लोरेन्समध्ये आहे, म्हणून त्याला फ्लोरेन्टाइन कोडेक्स म्हणतात. त्याच्या अकराव्या भागात रंगांची माहिती आहे.

त्या दिवशी पाळी होती लाल रंगाची. शहराच्या दक्षिणेकडच्या मिल्पा आल्ता भागातून एक वयस्क बाई आल्या होत्या, घरी नाहुआत्ल ही नाहुआंची भाषा बोलणाऱ्या. त्यांच्या हातात फड्या निवडुंगाचं पान होतं आणि त्यावर कापसासारखे पांढरे पुंजके. "आमच्या शेतात ही कीडच. दिसली की घासून काढतो," त्या म्हणाल्या आणि एक पुंजका माझ्या अंगठ्यावर ठेवला. मी दाबला. नख लालभडक झालं.

"नोचेस्त्ली," त्या म्हणाल्या. नोच्त्ली म्हणजे निवडुंगाचं फळ, एस्त्ली म्हणजे रक्त. आपला 'किरमिजी' शब्दही एका रंग देणाऱ्या किड्याच्याच नावावरून आलेला आहे. किडा दुसरा, पण लाल रंग किड्यातून काढायची युक्ती जगाच्या दोन टोकांना सुचली, याचं मला तिथे उभ्या उभ्या फार नवल वाटलं.

रंगासाठी मात्र पाळीव जातीचे वाळवलेले किडे होते, राखाडी आणि मिऱ्यांहून लहान. खलात कुटले, पाण्यात उकळले, गाळले. इथे मी चुकले. ज्या भांड्यात सकाळी चुना कालवला होता ते नीट न धुता त्यातच गाळलं. बघता बघता सगळं जांभळं झालं! दोन तासांची मेहनत वाया गेली म्हणून रडू यायचंच बाकी होतं.

बाईंनी शांतपणे तुरटीचं पाणी थेंब थेंब सोडायला सांगितलं. ग्रंथातही नोचेस्त्लीसोबत त्लाल्शोकोत्ल, म्हणजे तुरटी, सांगितलेलीच आहे. जांभळा हळूहळू मागे हटला, किरमिजी वर आला आणि तळाशी गाळ बसू लागला. तो गाळ हाच रंग. सुकवल्यावर जेमतेम चमचाभर निघाला. त्या काळीही भेसळ चालायची, हे मला आता पटलं. खडू किंवा पीठ मिसळलेल्या हलक्या मालाला ग्रंथात वेगळं नावच आहे: त्लापाल्नेश्त्ली, राखाडी लाल.

संध्याकाळी ग्रंथाची प्रतिकृती उघडली. बाराव्या भागात स्पॅनिश आक्रमणाची हकीकत आहे. तिथली बहुतेक चित्रं नुसत्या काळ्या शाईची आहेत. १५७६ ची साथ पसरली, माणसं मेली, रंगद्रव्यं येईनाशी झाली, असं अभ्यासक मानतात. ही पानं मी आधीही पाहिली होती आणि 'अपुरी' म्हणून उलटून गेले होते. या वेळी प्रत्येक पानावर थांबले. इथे लाल यायला हवा होता, इथे निळा, असं बोट ठेवत गेले.

मग ऑर्किडच्या कंदाच्या डिंकात आमचा चमचाभर रंग कालवला, आमात्लच्या साल-कागदावर एक पट्टी ओढली आणि खाली तारीख घातली. हात तीनदा धुतले, तरी नखाखालचा लाल तसाच होता.